जिरेनियमच्या भट्टीला भीती वाटते

मित्रांनो, उतारावरच्या जिरेनियमच्या शेताखाली एक पत्र्याची शेड आहे. तिच्या कोपऱ्यात बुडाशी काळी पडलेली, एका बाजूने फुगवटा आलेली उंच स्टीलची टाकी दिसते, ती मी. पानांतून सुगंधी तेल काढणारी जुनी भट्टी. मला पाहून कुणालाही वाटणार नाही, की एवढं थोराड धूड मनातून भित्रं असेल. पण मी जन्मापासून भित्रीच आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. हाताने सावकाश आणि तोंडाने फटकळ असा तो माणूस होता. त्याने जाड पत्रा वाकवला, टोकाला टोक भिडवलं आणि निळ्या ठिणग्यांनी मला सांधलं. माझ्या पोटात खालच्या बाजूला पाणी राहतं. त्याच्या वर एक जाळी असते. जाळीवर पानं भरतात, वरून जड झाकण आवळतात आणि खाली जाळ करतात. पाण्याची वाफ पानांतून वर चढते आणि पानांतलं तेल सोबत घेऊन निघते. झाकणातून एक वाकडी नळी गार पाण्याच्या हौदात उतरते. तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि काचेच्या बरणीत त्या पाण्यावर तेलाचा तवंग जमतो. माझ्या कुशीला एक काचेची नळी लावलेली आहे. पोटात किती पाणी उरलं, ते तिच्यात दिसतं.

पहिल्यांदा माझ्याखाली जाळ पेटला, तेव्हा माझे सगळे सांधे कुरकुरले. वाटलं, आता मी उकलणार! वाफ आत कोंडली गेली, की ती बाहेर पडायला वाट शोधते आणि वाट मिळेपर्यंत सगळ्या बाजूंनी ढकलत राहते. त्या ढकलण्याची मला कधीच सवय झाली नाही. तुमच्यापैकी कुणी परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो म्हणत असेल, तर मला ते लगेच कळतं. माझ्या पोटात तो रोज यायचा.

तरीही मी कामाला लागले, ते माझ्या मालकामुळे. त्यांना सगळे नाकोबा म्हणायचे. नाक म्हणाल तर चांगलं बसकं होतं, चष्मासुद्धा त्यावर धड टिकायचा नाही. पण त्या नाकाला जे कळायचं, ते भल्याभल्यांना कळत नसे.

जिरेनियमचं पान कोवळं असताना चुरगळलं, तर लिंबासारखा वास येतो. पान पिकू लागलं, कडेने जरासं पिवळसर झालं, की तोच वास हळूहळू गुलाबाकडे वळतो. कापणी करायची ती याच वेळी. आधी केली, तर तेल कमी आणि हिरवट वासाचं निघतं. उशीर केला, तर पानं वाळून गळतात आणि तेल उडून जातं. नाकोबा सकाळी शेतात जायचे, एक पान चुरगळायचे, नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "अजून नाही." किंवा म्हणायचे, "आणा विळे." तिसरं वाक्य नाही.

मी शेत कधी पाहिलं नाही, तिथलं शेडमध्ये येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं. पण शेतात जे घडतं, ते शेवटी माझ्याच पोटात येतं. पाऊस पडून गेल्यावर पानं आली, की तेल कमी निघायचं. लख्ख उन्हाचे दिवस मिळाल्यावर आली, की तवंग जाड व्हायचा. पानांवर बारीक केसांसारखी लव असते आणि त्या लवेच्या टोकाला तेलाच्या इवल्या पिशव्या असतात. ऊन, पाणी, खत, पानाचं वय, कापायची वेळ, या सगळ्यांवर त्या पिशव्या किती भरतील ते ठरतं. कापल्यावर पानं ढिगात दडपून ठेवली, तर ती आतून तापतात आणि वास बिघडतो. म्हणून नाकोबा ती सावलीत पसरायला लावायचे, जरा कोमेजू द्यायचे आणि मगच माझ्यात भरायचे.

माझ्या पोटातलं पाणी आटत आलं, तरी नाकोबांना बाहेर बसल्या बसल्या कळायचं. वाफेचा वास बदलतो म्हणायचे. त्यामुळे काचेच्या नळीकडे कुणी पाहतच नसे. पाण्यातल्या क्षारांचा थर चढून ती आतून पांढुरकी झाली, पुढे आंधळीच झाली. कुणी पुसली नाही. नाकोबांचं नाक असताना नळी कशाला हवी?

एका थंडीत नाकोबा तापाने आडवे झाले. घर वरच्या अंगाला, शेडपासून हाकेच्या अंतरावर. तिथून त्यांचा खोकला मला ऐकू यायचा. त्यांची लेक, बयो, घरी शिवणकाम करायची. तिचं मशीन त्या दिवसांत बंद असायचं, म्हणजे ती बापाच्या उशाशी बसलेली असायची. शेताचं सगळं धाकट्या भावाकडे गेलं. त्यांना सगळे काका म्हणत. काका कामाला वाघ होते, पण त्यांना धीर म्हणून नव्हता. पिकाने जोर धरावा म्हणून त्यांनी युरिया सढळ हाताने टाकला आणि पाण्याचे पाट सोडून दिले.

नाकोबा बरे होऊन शेडमध्ये आले, तेव्हा काका हसत म्हणाले, "दादा, पानं बघितलीस का? तळहाताएवढी झालीत!"

नाकोबांनी एक पान घेतलं, चुरगळलं, नाकाशी धरलं. डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हणतोस? कापूया?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, माझ्या पत्र्यावर काटा आला. नाकोबांनी आजवर असं कुणाला विचारलं नव्हतं.

काका खूश झाले. "विचारतोस काय, आजच कापू!"

आभाळ भरलेलं होतं, पानं ओली होती. ती तशीच माझ्यात भरली. लिंबाचा वास इतका कडक होता की मला कळून चुकलं, ही कोवळी आहेत. खत आणि पाणी पिऊन पिऊन फुगलेली. त्यांच्यात पाणी भरपूर होतं, तेलाच्या पिशव्या मात्र विरळ. बरणीत तवंग आला तो चहावरच्या सायीपेक्षाही पातळ.

तेल घेणारा व्यापारी आला. त्याने कागदाची पट्टी तेलात बुडवली, हवेत हलवली आणि नाकाशी नेली. "नाकोबा, यात गुलाब कुठाय? हे तर लिंबाची साल चघळल्यासारखं वाटतंय. तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे, बरी आहे," नाकोबा घाईघाईने म्हणाले. "पुढच्या वेळी बघा."

पुढच्या वेळीही तेच झालं. मग काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "दादा, पानं तर एक नंबर आहेत. मग तेल जातंय कुठे? ही भट्टीच गळतेय. म्हातारी झाली. भंगारात घालू आणि नवी आणू."

भंगारवाला आला. त्याने माझ्या अंगावर लोखंडी कांब आपटून पाहिली. तो आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. त्याच्याकडे गॅसने पत्रा कापायचं यंत्र असतं, हे मला वेल्डरच्या दुकानातून माहीत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की माझा एकही सांधा गळत नाही, तेल माझ्यात येण्याआधीच कमी झालेलं आहे! पण ऐकणार कोण?

"एवढी खेप होऊ दे," नाकोबा काकांना म्हणाले. "मग बघू." भंगारवाला तसाच परत गेला.

त्या संध्याकाळी नाकोबा एकटेच शेडमध्ये आले. त्यांनी दार लोटून घेतलं. फळीवरची तेलाची बाटली काढली, उघडली, नाकाला लावली. मग रॉकेलची बाटली. मग सांधे पुसायच्या व्हिनेगरची. प्रत्येक बाटली ते अशी हुंगत होते, जसा तहानलेला माणूस रिकामा तांब्या पुन्हा पुन्हा तोंडाला लावतो. रॉकेल थोडं मिशीवर सांडलं, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"नाक गेलं," ते स्वतःशीच म्हणाले आणि विचित्र हसले. "आता नाकोबातला उरला नुसता ओबा."

मग माझ्या अंगाला पाठ लावून ते खाली बसले. त्यांची पाठ मला सगळी कळत होती. ती हसत नव्हती.

तेव्हापासून आम्ही दोघंही घाबरलेली होतो, आणि दोघंही गप्प. मला भंगाराची भीती आणि त्यांना माझ्यापेक्षा मोठी कसली तरी. ज्या एका गोष्टीसाठी सगळे आपल्याला ओळखतात तीच नाहीशी झाली, हे कळलं तर आपण कोण उरू, ही ती भीती असावी. ते शेतात जायचे, पान चुरगळायचे, डोळे मिटायचे, आणि मग चोरून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. रोजचं नाटक. बाहेरून सगळं जसंच्या तसं.

आणि ती दुपार आली.

काकांनी मला पानांनी दाबून दाबून भरलं. "दादा, जाळ वाढव. पिळून काढ हिला. आज तेल निघालं पाहिजे, नाहीतर भंगारवाल्याला पुन्हा बोलावतो." असं सांगून ते पाण्याचा पाट फिरवायला शेतात गेले.

नाकोबा एकटेच माझ्यापुढे बसले. जाळात लाकडं घालत राहिले. मी तापले, वाफ धरली, बरणीत थेंब पडू लागले. जाळ मोठा, त्यामुळे पाणी भराभर आटत होतं. मला माझं पाणी खाली खाली जाताना जाणवत होतं. पूर्वी अशा वेळी नाकोबांनी मान वर केली असती, नाकपुड्या फुगवल्या असत्या आणि उठून जाळ ओढला असता. मी वाट पाहिली. त्यांनी मान वर केली नाही.

काचेची नळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण ती पांढरी, आंधळी.

पाणी संपलं. जाळीतून गळून खाली पडलेली पानं माझ्या बुडाला चिकटली आणि करपू लागली. बरणीत पडणारे थेंब थांबले. नाकोबांनी बरणीकडे पाहिलं. त्यांना वाटलं जाळ कमी पडला. त्यांनी आणखी लाकडं घातली!

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते कसं सांगू? माझं बूड लाल होत चाललं होतं. खालचा पत्रा फुगायला लागला. वेल्डरने सांधलेली जागा कड् कड् करू लागली. वाफ गळू नये म्हणून झाकणाभोवती गुंडाळलेलं कापड काळं पडून धुमसायला लागलं. करपट वास शेडभर झाला, दारातून बाहेर गेला, उतारावर पसरला. अख्ख्या रानात तो वास न आलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर पाट मांडून बसला होता. फळीवर तेलाच्या बाटल्या होत्या. तेलाला आग लागायला ठिणगी पुरते. मी फुटले असते, तर पहिला बळी त्यांचा गेला असता. मला पळता येत नव्हतं, आणि त्यांना पळायला सांगताही येत नव्हतं.

वर घरात शिवणयंत्राचा आवाज मध्येच तुटला.

"बाबा! बाबा, करपतंय!" बयो ओरडत उतारावरून धावत आली. हातात कात्री तशीच होती. "बाबा, काय करताय?"

"काय झालं?" नाकोबांनी दचकून विचारलं.

"अहो वास बघा केवढा सुटलाय! येत नाहीये का तुम्हाला?"

नाकोबांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

तेवढ्यात काका शेतातून धापा टाकत आले. माझ्याकडे नजर जाताच त्यांनी हौदातून बादली भरून घेतली. "सरका! झाकण काढा, पाणी ओततो!"

लाल झालेल्या रिकाम्या टाकीत गार पाणी पडलं, की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाट शोधत बसत नाही. पत्रा फाडूनच बाहेर येते. त्या बादलीएवढी मी आयुष्यात कशालाच घाबरले नाही.

बयो मध्ये आडवी आली. "काका, नका ओतू!"

"अगं बाई, टाकी फुटेल!"

"ओतलंत तर फुटेल! तापल्या तव्यावर पाण्याचा हात झटकला तर कसं उडतं? आणि ही तर घराएवढी आहे! बादली ठेवा खाली. आधी जाळ काढा!"

काका बादली घेऊन तसेच उभे राहिले. बयोने कोपऱ्यातलं दाताळं उचललं आणि माझ्याखालची लाकडं, निखारे, सगळं फराफरा बाहेर ओढलं. तिच्या ओढणीचं टोक जळलं, ते तिने पायाने विझवलं. "काका, पाणी या निखाऱ्यांवर टाका. भट्टीला लावू नका. माती आणा!" आता काकांचे हात चालले. निखारे फसफसले, धूर झाला. बयोने फळीवरच्या तेलाच्या बाटल्या पदरात भरल्यासारख्या ओढणीत गोळा केल्या आणि बाहेर नेऊन ठेवल्या.

"आता सगळे बाहेर! बांधाच्या भिंतीमागे!"

नाकोबा उठलेच नाहीत. जाळ विझला होता तिथेच पाहत बसले होते. बयोने त्यांना काखेत हात घालून उभं केलं आणि ओढत नेलं.

मी एकटीच राहिले. कड् कड् करत, आतल्या आत थरथरत. खालचा फुगवटा वाढतोय की थांबलाय, तेही मला कळेना. एक सांधा सुटला असता, तर संपलंच होतं. पण त्या फटकळ वेल्डरने काम चोख केलं होतं. आवाज हळूहळू कमी झाले. मी निवू लागले.

भिंतीपलीकडे तिघं बसली होती. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"बाबा, खरं सांगा," बयो म्हणाली. "तुम्हाला वास येत नाही ना?"

नाकोबांचा आवाज आला. "ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला."

"तेव्हापासून? आणि आम्हाला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"भीती वाटली गं, बयो."

"कुणाची? आमची?"

"तुमची नाही. ती... कशी सांगू. सकाळी शेतात गेलो की सगळे माझ्याकडे बघत उभे राहतात. त्यांना काय सांगायचं, याची."

"तुमचं नाक गेलं म्हणून आम्ही तुम्हाला घराबाहेर काढणार होतो का?" बयोचा आवाज चिरकला. "आज तुम्हीच गेला असतात, बाबा! मी वर मशीनवर बसले होते. खिडकी लावलेली असती तर?"

काका म्हणाले, "आणि मी इकडे युरिया ओततोय, पाणी सोडतोय, कोवळी पानं कापतोय, वर भट्टीलाच शिव्या घालतोय. दादा, तू 'कापूया का' म्हणून विचारलंस, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता."

नाकोबा रडले. मोठ्या माणसाचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते खोकल्यासारखं असतं.

पुढे वेल्डर आला. आता त्याचे केस पिकले होते, तोंड मात्र तेच होतं. त्याने माझं बूड तपासलं, काकांना आणि नाकोबांना एका दमात फैलावर घेतलं, बुडाला नवा पत्रा ठोकला. वाफ कोंडली तर आपोआप उघडणारी झडप बसवली. काचेची नळी त्याने काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि घासून अशी लख्ख केली, की पलीकडचं दार तिच्यातून दिसू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईलही, कदाचित येणारही नाही.

काकांनी खत आवरलं, पाट आखडता घेतला. झाडांना पाणी दिलं ते बेताचं. फार तहान लागली तर झाड सुकतं, पण सदा पाण्यात उभं असलं तर ते पानंच वाढवत बसतं. उन्हाचे दिवस आले. पानं लहान झाली, जाडसर झाली, हाताला किंचित चिकट लागू लागली.

आता प्रश्न होता, कापायचं कधी? कापायला आलेल्या पानांची एक फांदी घेऊन बयो शेडमध्ये आली. नाकोबा माझ्याजवळ बसले होते. तिने पान चुरगळलं, नाकाशी धरलं. तिचा चेहरा पडला.

"बाबा, मला नाही कळत. लिंबू पण वाटतो, दुसरंही काहीतरी वाटतं. चुकलं तर अख्खं पीक जाईल. मला भीती वाटते."

"वाटू दे," नाकोबा म्हणाले. "मी ती लपवली, तू लपवली नाहीस. आता मला सांग, लिंबू कसा आहे? कापलेल्या फोडीसारखा, की सालीसारखा?"

"सालीसारखा. कोरडा."

"मागे काय येतंय?"

तिने डोळे मिटले. "मागे... धुतलेले कपडे इस्त्री करताना येतो तसं काहीतरी. गरम. गोड नाही अजून."

"पुन्हा घे. कडेच्या पिवळ्या पानाचा घे."

तिने घेतला. "हां... याच्यात आहे. थोडा गोड आहे."

"थोडाच ना? मग अजून नाही," नाकोबा म्हणाले.

असं रोज चाललं. ती हुंगायची आणि सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे. काका दारात उभे राहून दोघांकडे बघायचे, पण घाई करायचे नाहीत. एका सकाळी दव सुकून ऊन चढलं होतं. बयोने पान चुरगळलं आणि बोलायचंच विसरली. नुसती उभी राहिली. नाकोबांनी तिचा चेहरा पाहिला नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी फक्त ती थांबलेली ऐकली.

"आणा विळे," ते म्हणाले.

पानं सावलीत पसरली, जरा कोमेजली आणि मग माझ्यात आली. जाळ पेटला. माझे सांधे पुन्हा कुरकुरले, भीती पुन्हा पोटात आली. पण बयो काचेच्या नळीसमोर बसली होती आणि काका तिच्या पाठीशी बादली भरून उभे होते, पाणी उतरलं की हळूहळू कोमट पाणी घालायला. बरणीत तवंग जमला, जाड आणि हिरवट सोनेरी. बयोने बाटली भरली आणि सवयीने बापाच्या नाकाशी नेली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली.

नाकोबांनी तिचा हात धरून ठेवला. "राहू दे तिथेच. सांग, कसाय?"

आणि ती सांगत बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखी तापणारी, फिरणारी, वाफ धरणारी पुष्कळ यंत्रं असतील. त्यांच्या काचा पुसत जा, झडपा मोकळ्या ठेवा, पाणी बघत जा. आणि तुमच्या आत काही करपत असेल, तर जवळच्या माणसाला सांगा. तो तुमच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असला, तरी त्याला वास येईलच असं नाही. त्या दुपारी मला सगळं कळत होतं, पण मला वाचा नाही. तुम्हाला आहे.